तोंडचा घास

साक्रीला देवरे डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो तेव्हा
कानातला मळ काढायची एक जुनी रबरी पिचकारी
मी न विचारता घरी आणली.

रविवारी पांझरेवर, लाटीपाड्याच्या खालच्या अंगाला,
गळाला लागलेली वीतभर खडशी
ओल्या पंज्यात धरायचो,
तिच्या घशात थोडं पाणी सोडायचो
आणि परत ओढून घ्यायचो.
स्टीलच्या बशीत पडायचं तिचं जेवण:
दोन काळ्या अळ्या, अर्धा मुंगळा,
शेवाळाचा धागा.
चष्मा नाकावर ओढून मी बघायचो,
घरी येऊन तसलीच माशी बांधायचो,
कोंबडीचं पीस, बायकोच्या साडीची निघालेली जर.

मासा सोडून देतो हं मी,
हे सगळ्यांना सांगायचो,
कुणी विचारलेलं नसताना.

एकदा सोडली, आणि ती गेलीच नाही.
दोन दगडांच्या मधे कुशीवर पडून राहिली,
कल्ले उघडत, मिटत, उघडत.
पलीकडे सुपडू आप्पा भोई जाळं धूत होते.
साठ वर्षं मासे मारले, विकले, खाल्ले त्यांनी.
हे काय बोलणार मला, असं वाटलं.

"मारीसन खाय," आप्पा म्हणाले, "ते समजस माले.
पन तोंडना घास काब्र काढस रे भाऊ?
इचारनं व्हई ते नदीले इचार."

नदीला विचारायचं म्हणजे आधी
काहीच करायचं नाही.
हे मला जमायला एक हिवाळा गेला.

मग पुलाखाली वाकून कोळ्याची जाळी वाचायला लागलो,
काल संध्याकाळी कोण कोण उडालं
त्याची हजेरी तिथे लटकलेली असते, पंखांसकट.
पाकोळ्या पाण्याला टेकून गेल्या
की समजायचं, काहीतरी वर यायला लागलंय.
मासा उसळला आणि बुडबुडा मागे राहिला
तर त्यानं वरचं खाल्लं;
नुसतीच पाठ दिसली
तर पाण्याच्या कातडीखालचं.

मच्छरदाणीचा तुकडा दोन बांबूंना बांधून
धारेत धरायचा, शंभर आकडे मोजायचे.
कापडावर येतं ते ओलं असतानाच बघायचं,
ऊन लागायच्या आत
कापड पाण्यात उलटं करून हलवायचं.
सगळे आपापल्या कामाला जातात.
तीन शेपट्यांची ती मात्र
दर वेळी माझ्या नखाला चिकटून बसते,
तिला फुंकर चालत नाही,
बोट बुडवून वाट बघावी लागते.

आणि दगड.
आप्पांनी स्वतः दाखवला, तळहाताएवढा, काळा.
खालच्या बाजूला वाळूचे कण जोडून जोडून
कुणी तांदळाएवढी खोली बांधलेली,
दारातून डोकं बाहेर.
"जसा व्हता, तसाच ठेव.
कोनंतरी घर शे."

डॉक्टरांना पिचकारी परत द्यायला गेलो
तर ते विसरूनही गेले होते.
"ठेवा की," म्हणाले.
ती आता कपाटावर आहे. तिचं काय करावं कळत नाही.

गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकलाय.
मासे कमी लागतात, खोटं कशाला सांगू.
अंदाज चुकतो, आणि चुकला
तर कुणाच्या पोटावर त्याचा भार पडत नाही.

परवा तिन्हीसांजेला दगड हातात होता,
त्या खोलीतलं डोकं आत गेलं, बाहेर आलं.
तेवढ्यात समोर, दहा हातांवर,
चांगली दोन किलोची उसळली.
दोरी काखेत, माशी बांधलेली, सगळं तयार.

मी आधी दगड ठेवायला वाकलो.
कुठली बाजू वर होती, तेच आठवेना.
शेवाळ चाचपत बसलो अंधारात,
ती अजून दोनदा उसळली.
बुडबुडा राहिला का, ते बघायचं राहून गेलं.